दुपारची सोबतीण

धुक्यातून कुणीतरी "आई" म्हणून हाक मारली तेव्हा मी बेहड्याच्या झाडाखाली डोळे मिटून बसले होते, आणि मला आनंद झाला. मुलगी भेटायला आली म्हणून नव्हे. तसा झाला असता तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळच आली नसती. मला वाटलं, आला एकदाचा. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली तो मार शेवटी माझ्याकडेही आला.

हसा, पोरींनो, हसा. नुकतं मुंडण करून आलात, संध्याकाळचा पाठ करताना अजून अडखळता, आणि मघाशी मलाच विचारत होता की आर्ये, मार आला तर ओळखायचा कसा. मीही तशीच होते. भगवंतांच्या काळातल्या मोठ्या भिक्खुणी दुपारच्या वेळी रानात ध्यानाला बसायच्या आणि तो मोह घालणारा त्यांच्याकडे यायचा, या गोष्टी मला तोंडपाठ होत्या. कुणाकडे तरणाताठा पुरुष होऊन यायचा, कुणाकडे नुसता आवाज होऊन. एकीला म्हणायचा, वय आहे तोवर मजा कर. एकीला मेलेल्या मुलाची आठवण काढून छळायचा. त्या कशालाच बधायच्या नाहीत. शांतपणे म्हणायच्या, ओळखलं मी तुला. ओळखला गेला की त्याचं बळ सरायचं, तो मान खाली घालायचा आणि जागच्या जागी विरून जायचा. आमच्या लेण्यात हा पाठ माझ्याइतका बिनचूक कुणालाच येत नव्हता, आणि मला ते चांगलंच ठाऊक होतं.

तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला. मार काही कुणाच्याही दारात जात नाही. जिच्याकडून त्याला हरायची भीती, तिच्याकडेच तो येतो. आमच्यातल्या दोघीतिघी हलक्या आवाजात सांगायच्या की आपल्याकडे येऊन गेला. मला विचारलं की मी गप्प. बारा पावसाळे मी त्या डोंगरावर काढले होते, पण माझ्याकडे साधी कुजबुजही फिरकली नव्हती. रात्री शिळेवर आडवी झाले की हेच डोक्यात, की मी इतकी कशी टाकाऊ.

माझं आधीचं आयुष्य सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी बुरुडाची बायको. नवरा बांबू तोडून आणायचा, मी सुपं-टोपल्या विणायची, आणि हाताला गुण होता म्हणून सुईणपणही करायची. बांबूची धारदार चिवटी काढून नाळ कापायची, हे आम्हा बुरुडणींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पण माझं नाव झालं ते आडव्या मुलांसाठी. पोटात मूल आडवं बसलं की आई आणि बाळ, दोघांचीही आशा सोडतात. मला ते वरून हातानं चाचपून, दाबून, कळांच्या मधल्या वेळात फिरवता यायचं. पाच गावांतून बोलावणं यायचं मला. मग एका चैत्रात नवरा साप चावून गेला. मुलगी सुलसा तेव्हा आठ वर्षांची. तिला दिराच्या पदरात टाकलं आणि मी लेण्याची वाट धरली. का, ते विचारू नका. दुःख अंगावर मावत नव्हतं, आणि दुःखाला शेवट आहे असं सांगणारी माणसं डोंगरावर राहत होती. पहाटे निघाले तेव्हा पोर झोपली होती. मी तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर गेले नसते, हे मला माहीत होतं.

बारा वर्षांत ती एकदाही आली नाही. मीही खबर काढली नाही. आपण सगळं सोडलं, असं मला वाटायचं.

तर त्या वर्षी भाद्रपदात आम्ही वर्षावासात होतो. पावसाळ्याचे तीन महिने जागा सोडायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आप्तांचं निकडीचं बोलावणं आलंच, तर ज्येष्ठ थेरींना विचारून सात दिवस जायची मुभा, त्याहून जास्त नाही. दुसरा नियम असा की भिक्खुणीनं रानात एकटीनं बसायचं नाही, दोघींनी जायचं. माझी जोडीदारीण तापानं अंथरुणाला खिळली. मला काही दुपारची बैठक सोडवेना. आमच्या वडीलधाऱ्या बोधिपालिता थेरी, तेव्हाच ऐंशीच्या घरात आणि डोळ्यांनी अधू, त्यांनी विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, आहे एक जण.

खोटं बोलले. पण बेहड्यापाशी पोचले तर खरंच सोबत होती.

धुकं इतकं दाट की चार हातांपलीकडचं काही दिसेना. झाडाच्या पलीकडच्या बाजूला, बुंध्याला पाठ लावून, कुणी भिक्खुणी बसली होती. मला दिसला तो चीवराचा काठ आणि पुढं पसरलेली पावलं. कोण गं, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, इथलीच. दरीच्या पलीकडच्या टेकडीवर भिक्खुणींचं दुसरं लेणं होतं, मला वाटलं तिथली असेल. मीही बुंध्याला पाठ टेकली. दोघी पाठीला पाठ लावून बसलो, मध्ये झाड. एकटीनं बसायचा दोष टळला म्हणून मला हायसं वाटलं.

रोज दुपारी असंच होऊ लागलं. मी यायच्या आत ती बसलेली, आणि मी उठले तरी तिथंच. गोड आवाज होता तिचा, मऊ, जरासा माझ्या आईसारखा. तुझा पाठ किती बिनचूक गं, एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही, असं ती म्हणाली आणि मी लोण्यासारखी विरघळले. मी तिच्यासमोर कधी पाठ म्हटलेलाच नव्हता. पण कौतुक कानावर पडलं की असल्या गोष्टी सुचतात कुणाला?

एकदा उठता उठता तिच्या पावलांकडे नीट लक्ष गेलं. त्या दिवसांत आमच्या रानात जळवांचा सुळसुळाट असतो. माझ्या दोन्ही पायांना चार-पाच चिकटलेल्या होत्या. तिच्या पावलांना एकही नव्हती. स्वच्छ, कोरडी पावलं, चिखलाचा ठिपकासुद्धा नाही. मी मनात म्हटलं, केवढी ही पुण्याई. दुसरं काही माझ्या मनात आलंच नाही, पोरींनो. आज सांगताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला तिचा हेवा वाटला.

पाचव्या का सहाव्या दुपारी तिनं विचारलं, "तुझ्याकडे तो आला का गं?"

कोण, ते विचारावं लागलं नाही. मी नाही म्हटलं. लाजच वाटली.

"येईल," ती म्हणाली. "तयारी झालीये तुझी. तुला सोडताना सगळ्यांत जड काय गेलं?"

आणि मी सांगत सुटले. सुलसा, तिची झोप, माझ्या हातचा गुण, आडवी मुलं. बारा वर्षांत थेरींपाशीही बोलले नव्हते ते सगळं त्या झाडाला पाठ लावून बोलून टाकलं. तिनं मध्ये एकदाही हुंकार दिला नाही. माझं संपल्यावर म्हणाली, मग तो तिच्याच रूपात येईल. लहान पोर होऊन आला तर तू लगेच ओळखशील, म्हणून मोठी बाई होऊन येईल. पोटुशी असेल. तुझ्या हातांनाच साद घालेल, कारण तुझं मन तिथं मऊ आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भीतीनं नव्हे, आनंदानं.

आणि नवव्या दुपारी ती हाक आली.

"आई. मी सुलसा."

मी डोळे उघडले नाहीत. झाडाच्या मागून, अगदी कानाशी, सोबतीण कुजबुजली की आला, अजून बघू नकोस, बोलू दे त्याला. समोर कुणीतरी धापा टाकत होतं. मग बोलणं सुरू झालं, तुटक तुटक, दम खात.

"मला खाली वेणुगामात दिलंय. दोन वर्षं झाली. तू इथं आहेस ते ठाऊक होतं, पण आले नाही. यायचंही नव्हतं." ती थांबली. "माझं पहिलं मूल आडवं होतं. ते गेलं. आता हेही आडवंच आहे, आई. गावातली सुईण म्हणते, या खेपेला मीपण वाचणार नाही. घरात दुसरं बाईमाणूस नाही. नवरा बैलांच्या तांड्याबरोबर घाटाखाली गेलाय. तुम्हाला सात दिवस जाता येतं ना? मी विचारून आलेय. सात दिवस ये. फक्त हे मूल फिरव. पुन्हा कधी हाक मारायला येणार नाही."

मी डोळे उघडले. चार हातांवर एक बाई उभी होती. विशीतली, दिवस भरत आलेले, पोट खाली ओघळलेलं, केस कपाळाला चिकटलेले. माझ्या सासूची हनुवटी, नवऱ्याचे पुढे आलेले कान. मला वाटलं, काय हुबेहूब वठवलंय यानं. कौतुक केलं मी मनातल्या मनात. रूप घेणाऱ्याच्या कसबाचं कौतुक.

पण हात माझं ऐकेनात. पोटाचा आकार बघूनच त्यांना कळलं होतं की डोकं उजव्या कुशीत आहे. ते मांडीवरून आपोआप उचलले गेले. तेवढ्यात मागून आवाज आला, हात लावलास की संपलं, बारा वर्षं मातीत जातील.

मी हात खाली घेतले, आणि पाठ म्हणताना लावायचे त्याच सुरात, एकेक अक्षर सुटं करत म्हटलं, "मारा, ओळखलं मी तुला."

तिला कळलंच नाही. कळणार कसं? बुरुडाची पोर ती, आमचे पाठ तिनं कुठं ऐकलेले? "काय म्हणालीस?" तिनं विचारलं.

"ओळखलं मी तुला. तू माझी मुलगी नव्हेस. मला मुलगी नाही. जा इथून."

एवढं बोलून मी वाट पाहत राहिले, आता ती विरून जाईल म्हणून.

ती विरली नाही. उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तोही आला नाही. तिनं एक हात कमरेवर ठेवला. पायाला जळू चिकटली होती, ती काढायला वाकायला गेली, तर पोटामुळे हात पोचेना. दोनदा प्रयत्न केला. मग दुसऱ्या टाचेनं घासून जळू पाडली आणि घोट्यावरून रक्ताची बारीक धार खालच्या दगडावर आली. मग ती वळली आणि कारवीच्या झुडपांना धरत धरत खाली उतरू लागली. बऱ्याच वेळपर्यंत मला तिची पावलं ऐकू येत होती. चिखलात रुतायची, चप्पकन सुटायची, पुन्हा रुतायची.

"शाबास," सोबतीण म्हणाली. "आता त्या मोठ्या भिक्खुणींच्या बरोबरीला बसलीस."

आणि खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. एक श्वासभर का होईना, फुगली. मग माझी नजर त्या दगडावर गेली. पाऊस नव्हता, नुसतं धुकं, त्यामुळे रक्त धुवून गेलं नव्हतं. मी उठून जवळ गेले. ओलं, लाल, कोमट रक्त. शेजारच्या चिखलात पावलं उमटली होती. सुईणीला पावलं वाचता येतात. टाचा खोल, उजवं पाऊल बाहेर फाकलेलं. मूल उजवीकडे आडवं असलं की बाईची चाल अशीच होते. हे रूप घेणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सोबतिणीलाही नाही.

"आर्ये, तिला रक्त आलंय," असं म्हणत मी झाडाला वळसा घालून पलीकडे गेले.

तिथं कुणी नव्हतं. ज्या जागी ती नऊ दुपारी बुंध्याला टेकून बसली होती तिथं बुंध्यापासून शेजारच्या झुडपापर्यंत कोळ्याचं जाळं ताणलेलं होतं. जुनं जाळं, दवाच्या थेंबांनी जड झालेलं, एक धागा तुटलेला नाही. खाली शेवाळ हिरवंगार, अनेक महिन्यांत त्यावर कुणी पाऊलही टाकलं नसावं.

मी लेण्याकडे धावले. चीवर सांभाळत, ठेचकाळत. भिक्खुणीनं धावू नये, पण धावले. बोधिपालिता थेरी पोढीपाशी, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाक्यापाशी, फडक्यातून पाणी गाळत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे सगळं ओकले. सोबतीचं खोटं, सोबतीण, सुलसा, मी काय बोलले ते. पलीकडच्या लेण्यातली असेल अशी माझी समजूत झाली होती, असंही म्हटलं. त्या म्हणाल्या की पलीकडचं लेणं गळतं, या पावसाळ्यात तिथं कुणीच राहिलेलं नाही. हे बोलताना त्यांचा हात थांबलासुद्धा नाही. मग त्यांनी एकच विचारलं.

"मूल आडवं आहे म्हणाली?"

"हो."

"मग इथं काय करतेस?"

मी तरीही उभीच. बारा वर्षांचा किडा एका झटक्यात थोडाच मरतो. मी म्हटलं, आर्ये, आणि ती खरंच मार असली तर? खाली घर नसेल, मुलगी नसेल, काहीच नसेल तर?

"तर सात दिवसांत परत येशील," थेरी म्हणाल्या. "पाय दुखतील, एवढंच. जा."

उतरायला लागले. धुकं आणखी दाट झालं होतं. पावलाखालची एकेक पायरी तेवढी दिसत होती. कातळात खोदलेल्या पायऱ्या संपून पायवाट सुरू होते तिथं एक वळण आहे, एका अंगाला कडा. त्या वळणावर सोबतीण उभी होती. नऊ दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून.

मुंडण केलेलं मोठ्या बाईचं डोकं, अंगावर चीवर, आणि चेहरा आठ वर्षांच्या पोरीचा. झोपलेल्या पोरीचा. गालावर अंथरुणाच्या वळीचा वण, ओठांच्या कडेला लाळ, डोळे घट्ट मिटलेले. तोंड मात्र हलत होतं, आणि आवाज तोच, मऊ, गोड.

"परत फीर. उशीर झालाय. वाटेतच तिला कळा लागल्या. आता खाली जाऊन मढं बघशील आणि जन्मभर तेच डोळ्यांपुढे राहील. निदान तुझा वर्षावास तरी वाचव."

आता तुम्ही म्हणाल, आर्येनं इथं म्हटलं असेल, ओळखलं तुला. हीच तर ती वेळ होती. सगळा पाठ येत होता मला. पण खरं सांगते, मला ते सुचलंच नाही. मी घाईत होते. ती वाट अडवून उभी होती आणि मला खाली जायचं होतं. मी खांदा पुढे केला आणि सरळ तिच्यातून चालत गेले. खांद्याला काही लागलं नाही, पोढीत हात घातल्यासारखा गारवा तेवढा लागला. मागं वळून पाहिलं नाही. तिचं पुढं काय झालं, विरली की तिथंच उभी राहिली, मला माहीत नाही.

वाटेतच कळा लागल्या, हे मात्र ती खरं बोलली होती. खोटं बोलणाऱ्यानं खरं बोललेलं सगळ्यांत वाईट. त्या डोंगराच्या चढणीनंच लागल्या, आणि चढायला लावलं कुणी? एका ठिकाणी गवत लोळवलेलं दिसलं, ती बसली होती तिथं. पुढच्या ओढ्यापाशी पुन्हा.

वेणुगामाच्या टोकाला तिचं घर. दारात चार बाया गोळा झालेल्या. माझं मुंडण बघून त्यांनी वाट अडवली. बाळंतिणीच्या घरात असलं तोंड नको म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नाही. आत अंधारात ती आढ्याच्या दोराला धरून उकिडवी बसली होती, घामानं निथळत. मी उंबऱ्यातून म्हटलं, मी हिची आई आहे, आत येऊ द्या.

सुलसानं मान वर केली. नजर अगदी स्वच्छ होती. भ्रमात वगैरे काही नव्हती.

"ही माझी आई नव्हे," ती म्हणाली. "माझ्या आईला मुलगी नाही. तिनंच सांगितलंय मला."

बायांनी मला दंडाला धरून मागं ढकललं. वाटलं, हिचे पाय धरावे. धाय मोकलून रडावं, सांगावं की बये, झोपेत तुला चाचपडू नयेत म्हणून मी बारा वर्षं हात उशाशी दाबून झोपले, मला क्षमा कर, एकदा आई म्हण. ते बोलायला किती वेळ लागला असता? पुढची कळ येईपर्यंतचा, तेवढाच. आणि दोन कळांमधली तेवढीच जागा मूल फिरवायला असते.

मी दंड सोडवून घेतला. "खरं आहे," मी म्हटलं. "मी कुणाची आई नाही. मी सुईण आहे. आडवं मूल फिरवता येतं मला. सुईणीला आत येऊ द्या."

कळ आली, तिनं दोराला हिसडा दिला, कळ गेली. मग तिनं डोळे मिटून म्हटलं, "सुईण असेल तर येऊ दे."

तिळाचं तेल कोमट करून घेतलं. बारा वर्षं या हातांनी भिक्षेचं पात्र धरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. भीती वाटत होती की विसरले असतील. डोकं उजवीकडेच होतं, माझा अंदाज चुकला नव्हता. एक हात डोक्याशी, एक कुल्ल्याशी, आणि तिला म्हटलं, बाई, श्वास धरू नको. बाई म्हटलं. दुसरं काही म्हणायचा हक्क नव्हता. पहिल्यांदा अर्ध्यावर आणलं आणि निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं. दारातल्या बाया आपसात कुजबुजू लागल्या. तिसऱ्यांदा हाताखाली ते पाण्यातल्या मासोळीसारखं वळलं, डोकं खाली गेलं आणि तिथंच बसलं. मग मी एका हाती ते तसंच दाबून धरलं, आणि दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. निळी होती. पाठीवर चोळली, तोंडातली घाण काढली, तेव्हा रडली. तिथल्याच एका बांबूची चिवटी काढून नाळ कापली.

सुलसा भिंतीला टेकून पडली होती. बाळ तिच्या छातीवर ठेवलं तशी म्हणाली, "सुईणबाई, पाणी द्या."

मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "वर डोंगरावर माझी आई असते. भेटली तर सांगा, मुलगी झाली."

"सांगते," मी म्हटलं.

सात दिवस राहिले. बाळाला न्हाऊ घातलं, शेक दिले, कुळथाचं कढण करून दिलं, बायांनी ओसरीवर टाकलेल्या घोंगडीवर झोपले. माझ्या हातचं सगळं तिनं घेतलं. काही नाकारलं नाही, टोचून बोलली नाही, एक शब्द वावगा नाही. सुईणबाई, हिचं पोट दुखतंय का बघता? सुईणबाई, तुम्ही जेवलात का? भिक्खुणीनं सुईणपण करायचं नसतं, त्या दोषाची कबुली मी पुढच्या पौर्णिमेला सगळ्यांसमोर दिली. पण त्या सात दिवसांत मला दोषाचं काहीच वाटलं नाही. ओसरीवर पडून मी आतून येणारा त्या दोघींचा श्वास ऐकायची, एवढंच करायची.

सातव्या दिवशी सकाळी मी पात्र उचललं. सूर्यास्ताच्या आत वर पोचायचं होतं. सुलसा बाळाला घेऊन ओसरीवर आली. दुसऱ्या हातात नवं सूप, स्वतः विणलेलं असावं, वीण घट्ट होती. त्यात काठोकाठ तांदूळ.

"सुईणीचा मान आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आम्हाला कच्चं धान्य घेता येत नाही गं."

"आम्हाला म्हणजे कुणाला?" तिनं विचारलं.

तिनं बोलताना आवाज चढवला नव्हता. खरंच विचारत होती. सूप तसंच पुढं धरून उभी राहिली. बाळ जागं झालं, कुरकुरलं, पुन्हा झोपलं.

मी दोन्ही हातांनी सूप घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि डोंगर चढायला लागले. धुकं नव्हतं, लख्ख ऊन पडलं होतं. वाटेत मला कुणी भेटलं नाही.